‘इकूब दरसेन्य!’ : अदिस अबाबातली भिशी

अदिसवासी (धागाकर्ती)

मंडळी, मागे मी इंजेरावर (इथली आंबवलेल्या पिठाची पोळी) लिहिलं होतं तेव्हा काही जणांनी ‘तिथल्या भाषेबद्दलही लिही’ असं सुचवलं होतं. म्हणून आज एकच शब्द घेते, इकूब. अम्हारिक या इथिओपियातल्या भाषेच्या पुस्तकात ‘सलाम’, ‘इशी’ (म्हणजे आपलं ‘बरं’), ‘बुन्ना’ (कॉफी) हे शब्द लगेच भेटतात. इकूब माझ्या पुस्तकात नव्हता. पण ऑफिसात, मिनीबसमध्ये, भाजीवाल्या बाईंच्या तोंडी तो सारखा ऐकू यायचा.

इकूब म्हणजे भिशी. दहा-वीस-पन्नास माणसं जमतात, प्रत्येकानं रोज, आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची आणि चिठ्ठी निघेल त्याला सगळा गल्ला. प्रत्येकाला एकदा मिळाला की फेरी संपली. व्याज नाही. उच्चार करताना मधला ‘क’ घशात अडवून फोडायचा असतो, तो मला अजून नीट जमत नाही.

शब्दाचं मूळ गीझमध्ये आहे. गीझ ही इथल्या ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी भाषा. आता ती बोलत नाहीत, पण पूजापाठ तिच्यातच चालतो. ‘अकबा’ म्हणजे राखणं, सांभाळणं. त्यावरून इकूब म्हणजे ‘राखलेलं’. याच धातूवरून सरकारी वकिलाला ‘अकाबे हिग’ म्हणतात, म्हणजे कायद्याचा राखणदार.

भिशी ‘भरतात’ यासाठी अम्हारिकमध्ये इकूब ‘टाकतात’ असं क्रियापद आहे. आपल्याकडे भिशी ‘लागते’, इथे ‘इकूब दरसेन्य’ म्हणतात, म्हणजे ‘इकूब मला पोहोचली’. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे यातली एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. अम्हारिकमध्ये पावतीलाही ‘दरसेन्य’च म्हणतात. मला पोहोचलं, ही पावती. आणि आपली ‘पावती’ तरी कुठून आली? पावणे म्हणजे पोहोचणे. दोन भाषांचा एकमेकींशी काहीही संबंध नसताना दोघींनी त्या कागदाच्या कपट्याला एकच नाव दिलं. हे कळलं त्या दिवशी मी आमच्या कॅशिअर बाईंना ते समजावून सांगितलं. त्यांनी ‘पावती’ हा शब्द वहीच्या मागच्या पानावर त्यांच्या लिपीत लिहून घेतला.

तुमच्याकडे भिशी कशी चालते तेही सांगा.

कृष्णाकाठ

छान धागा, ताई. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे भिशीचा प्रकार थोडा वेगळा आहे. गल्लीचं किंवा तालमीचं भिशी मंडळ असतं, दर आठवड्याला पैसे जमा होतात, त्यातूनच गरजेप्रमाणे सभासदांना व्याजानं देतात आणि दिवाळीच्या तोंडावर भिशी ‘फुटते’. म्हणजे मुद्दल अधिक वाटणीचं व्याज घरी. त्या आठवड्यात बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. चिठ्ठीची आणि बोलीचीही भिशी असते, पण ती जास्त करून व्यापाऱ्यांत.

माझा प्रश्न सरळ आहे. पहिल्याच चिठ्ठीत पैसे मिळाले आणि माणूस पुढचे हप्ते द्यायला आलाच नाही तर? आमच्याकडे भांडणं होतात ती इथेच.

अदिसवासी

@कृष्णाकाठ, सगळी गंमत याच प्रश्नात आहे.

इकूबला एक ‘दान्या’ असतो. हा शब्द न्यायाधीशाचा. कोर्टात बसतो तोही दान्या आणि इकूब चालवतो तोही दान्या. त्याच्या जोडीला ‘त्सहाफी’, म्हणजे लिहिणारा, चिटणीस. मोठ्या इकूबमध्ये दान्याला त्याच्या कामाचा मोबदला मिळतो, कधी पहिला गल्लाही त्याचाच असतो.

चिठ्ठी निघाली म्हणून पैसे लगेच हातात पडत नाहीत. आधी ‘वास’ आणावा लागतो. वास म्हणजे जामीन. तुम्ही पुढचे हप्ते चुकवलेत तर तुमचे हप्ते मी भरीन, असं सगळ्यांसमोर सांगणारा आणि सही करणारा माणूस. रक्कम मोठी असेल तर एकाहून जास्त वास लागतात. जामीन राहणारा शक्यतो त्याच इकूबमधला आणि अजून पाळी न आलेला असावा असं बघतात, कारण त्याचे पैसे दान्याच्या हाती अडकलेले असतात.

त्यामुळे इकूबमध्ये शिरताना ‘तुझा पगार किती’ यापेक्षा ‘तुझा वास कोण’ हे आधी विचारतात. नव्या शहरात आलेल्या माणसासाठी हा फार अवघड प्रश्न आहे. आमच्या ऑफिसात गोंदारहून आलेला एक मुलगा होता. त्याची चिठ्ठी लवकर निघाली, पण त्याच्यासाठी उभं राहायला कुणी नव्हतं. शेवटी आमचे गोदामातले गाशे (वडीलधाऱ्या पुरुषाला इथे आदरानं गाशे म्हणतात) उठले आणि म्हणाले, मी आहे. त्या मुलाशी त्यांचं नातं नाही, गाव एक नाही. मुलानं शेवटच्या हप्त्यापर्यंत एकदाही उशीर केला नाही. दरोडा, पळापळ, पोलीस यांच्या गोष्टी इथेही ऐकायला मिळतात, नाही असं नाही. पण ज्या माणसानं आपल्यासाठी सही केली त्याला रोज सकाळी भेटायचं आहे, ही गोष्ट कायद्याच्या कागदापेक्षा जास्त काम करते असं मी पाहिलंय.

गणितवेडी

भावनेच्या बाजूला हिशेबही मांडते, कारण इथिओपियात २०२२ च्या सुमारास महागाई ३० टक्क्यांच्या वर गेली होती आणि इकूबला व्याज नाही.

समजा १२ जण आहेत, दरमहा १,००० बिर (तिथलं चलन), गल्ला १२,०००. महागाई वर्षाला ३० टक्के धरली तर वर्षभर भरलेल्या बारा हप्त्यांची किंमत, पहिल्या महिन्याच्या पैशांत मोजली, तर साधारण १०,६७० बिर होते. पहिल्या नंबराला १२,००० मिळाले, म्हणजे तो साधारण १,३३० बिरनं फायद्यात. शेवटच्याला हातात १२,०००च मिळतात, पण त्यांची किंमत तोवर ९,४३५च्या आसपास उतरलेली असते. म्हणजे तो साधारण १,२३५ बिरनं तोट्यात. मधले साधारण बरोबरीत सुटतात.

थोडक्यात, शेवटच्या पाळ्यांतले लोक पहिल्या पाळ्यांतल्यांना फुकट कर्ज देतात, वर महागाईचा भुर्दंडही सोसतात. चिठ्ठी निघेपर्यंत कोण कुठे बसणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून हे न्याय्य म्हणायचं. पण तोटा खराच आहे.

अदिसवासी

@गणितवेडी, आकडे मांडलेस ते बरं झालं, मी ते आमच्या त्सहाफीला दाखवणार आहे. इथल्या लोकांना हे हाताला कळतं, म्हणूनच मर्काटोत (अदिसची अफाट मोठी बाजारपेठ) व्यापारी महिन्याची इकूब फारशी करत नाहीत. तिथे रोजची किंवा आठवड्याची चालते. फेरी लहान असली की पैसा झिजायला वेळ मिळत नाही, आणि गल्ला मिळाला की त्याच दिवशी माल भरतात.

दुसरी सोय म्हणजे पाळी विकता येते. कुणाला आजच पैसे हवे असतील, मुलाचं ऑपरेशन, घराचं आगाऊ भाडं, तर ज्याची चिठ्ठी निघाली त्याच्याकडून तो थोडी रक्कम सोडून पाळी घेतो. चांगला दान्या असेल तर विकत घेण्याची वेळच येऊ देत नाही. तो सगळ्यांना विचारतो, ‘हिची अडचण आहे, या वेळी हिला देऊ या का?’ आणि बहुतेक वेळा चिठ्ठ्या न काढताच पैसे तिला जातात. ऐपत नसेल तर दोघांनी मिळून एक हप्ता घ्यायचीही मुभा असते, गल्ला अर्धा-अर्धा.

२०२४ च्या जुलैत सरकारनं बिरचा दर बाजारावर सोडला. एका डॉलरला ५७ च्या आसपास असलेला बिर काही आठवड्यांतच १०० च्या पलीकडे गेला. ज्यांच्या पाळ्या त्यानंतर होत्या त्यांचं काय झालं असेल ते तू वरच्या हिशेबावरून ओळखशीलच. तरीही आमची इकूब मोडली नाही. ज्यांना आधी पैसे मिळाले होते त्यांतला एकही हप्ता चुकला नाही. मला त्या महिन्यांत या लोकांबद्दल जो आदर वाटला तो शब्दांत नीट येत नाही.

जुना_बँकवाला

लेख आवडला, पण माझं आयुष्य बँकेत गेलं म्हणून विचारतो. बँका आहेत, पोस्टासारख्या बचत योजनाही असतील. मग सुशिक्षित, पगारदार माणसांनी असल्या नोंदणी नसलेल्या व्यवहारात का पडावं? आपल्याकडे चिट फंडांनी किती घरं धुवून नेली ते मी जवळून पाहिलंय. १९८२ चा चिट फंड कायदा उगाच आला नाही.

अदिसवासी

काका, तुमची काळजी रास्त आहे. चिट फंडात चालवणारी कंपनी असते आणि सभासद एकमेकांना ओळखतही नाहीत. इकूब तेवढी मोठी झाली की तीही धोक्याचीच, हे मला मान्य आहे.

पण इथल्या बँकांचा इतिहास वेगळा आहे. १९७४ मध्ये सम्राट हैले सेलासींना हटवून दर्ग, म्हणजे लष्करी राजवट आली. १९७५ मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि खासगी बँकेला परवानगी मिळायला १९९४ उजाडावं लागलं. जवळजवळ वीस वर्षं सामान्य दुकानदाराला कर्ज मिळण्याचा मार्ग इकूबच होता. आजही तारण नसेल तर बँकेतून कर्ज मिळणं बहुतेकांना अवघडच जातं. भाजीच्या गाडीला, शिवणयंत्राला, जुन्या मिनीबसच्या पहिल्या हप्त्याला तारण कुठून आणायचं?

आणि इकूबवाले बँकेच्या विरोधात आहेत असंही नाही. मोठ्या इकूबचे पैसे आता बँकेच्या खात्यातच जमा होतात. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं १०, ५० आणि १०० च्या नोटा बदलल्या आणि २०० ची नवी नोट आणली, बदलायला तीन महिने दिले. आपल्या २०१६ ची आठवण झाली ना? त्यानंतर रोख सांभाळण्याची हौस बरीच कमी झाली. २०२१ मध्ये टेलेबिर आलं, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायची सरकारी टेलिकॉम कंपनीची सोय, तेव्हापासून बरेच जण हप्ता फोनवरूनच टाकतात. चिठ्ठी मात्र सगळ्यांसमोरच काढतात.

बांधावरून

अदिसवासी ताई, हे सगळं शहराचं झालं. खेड्यात काय? तिथं तर रोख पैसा नसेल एवढा.

अदिसवासी

खेड्यात पैशाऐवजी श्रमाची इकूब आहे म्हणा. तुम्ही शेतकरी आहात तर हे तुम्हाला आवडेल. ‘वन्फल’ म्हणजे आज मी तुझ्या शेतात राबायचं, उद्या तू माझ्या, माणसाला माणूस आणि बैलाला बैल. ही आपली सावड. ‘दबो’ म्हणजे ज्याचं काम अडलंय त्यानं सगळ्यांना हाक द्यायची, लोक औतं घेऊन येतात, दिवसभर काम उरकतात, आणि त्यानं पोटभर इंजेरा आणि ‘तल्ला’ (घरची बार्लीची बिअर) द्यायची. परतफेडीचा हिशेब नाही. ही इर्जिक.

बांधावरून

इर्जिक! आज्याच्या तोंडून ऐकलेला शब्द. आमच्याकडं ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली, सावड अजून पेरणीला थोडी टिकून आहे. तिकडं जिवंत आहे हे ऐकून लई बरं वाटलं.

मांडवीकाठ

मी गोव्याची. फेरी अर्धी असताना सभासद वारला तर काय करतात? प्रश्न अशुभ वाटेल, पण त्याला कारण आहे. मुंबईत धोबी तलावाजवळ आमच्या गावांच्या ‘कुडी’ होत्या, काही अजून आहेत. बोटीवर नोकरीला जाणारे गोवेकर तिथे उतरायचे, गावाच्या संताची वेदी असायची, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. आजारपण, मरण, सगळं कूड बघायची. अदिसमध्ये असं काही आहे का?

अदिसवासी

@मांडवीकाठ, बरं झालं विचारलंस. खरं तर मला याच्यावर स्वतंत्र धागा काढायचा होता, पण इकूबबद्दल सांगून हे न सांगणं अर्धवट होईल.

सभासद गेला तर इकूबमध्ये त्याचं घर किंवा त्याचा वास उरलेले हप्ते पुरे करतो. पाळी आली नसेल तर गल्ला घरच्यांना देतात. मरणासाठी मात्र इकूब नाही. त्यासाठी ‘इद्दिर’ आहे. अदिसमध्ये इद्दिर नसलेलं घर सापडणं कठीण. दरमहा थोडी वर्गणी, आणि घरात कुणी गेलं की पुढचं सगळं इद्दिरचं. इद्दिरच्या मालकीचे तंबू, बाकं, मोठी पातेली, कप-बशा असतात. रोख रक्कमही मिळते. स्वतः सभासद, नवरा-बायको, मूल, आईवडील अशी नात्याप्रमाणे ठरलेली. ही पद्धत शहरात गुरागे लोकांनी आणली असं मानतात. व्यापारासाठी दक्षिणेकडून अदिसला आलेले हे लोक. परक्या शहरात आपल्या माणसाची माती बेवारशी होऊ नये म्हणून त्यांनी ती उभी केली.

पहाटे गल्लीतून ‘त्रुम्बा’ वाजते. हा लांब कर्ण्यासारखा आवाज. इद्दिरचा माणूस कर्णा फुंकत जातो आणि नाव पुकारतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कसली तरी मिरवणूक आहे. शेजारच्या बाई शाल घेऊन घाईनं निघाल्या, आणि जाताना मलाही हाक मारून गेल्या. तासाभरात घरासमोर तंबू उभा होता. पुरुष बाकं लावत होते, बायकांच्या इद्दिरनं चूल पेटवली होती. लोक तीन दिवस त्या तंबूत येऊन बसतात. मधून ‘निफ्रो’ फिरतं, म्हणजे उकडलेले गहू-चणे. फार बोलत नाहीत. ‘नफ्स यिमार’, त्याच्या आत्म्याला क्षमा मिळो, एवढं म्हणायचं आणि बसायचं. समाचाराला जाण्याला ‘लक्सो मद्रस’ म्हणतात, रडण्यापाशी पोहोचणं. क्रियापद तेच आहे बघ, पोहोचण्याचं, इकूब आणि पावतीतलं. अंत्यविधीला जो सभासद आला नाही त्याला दंड होतो, तो कितीही मोठ्या हुद्द्यावर असो.

एचआयव्हीची साथ जोरात होती त्या वर्षांत अनेक इद्दिरांनी ठरवलं की माणूस मेल्यावर पैसे देण्यापेक्षा तो जिवंत असताना औषधपाणी बघू, मागे राहिलेल्या मुलांना सांभाळू. त्यासाठी त्यांनी नियमांची वही बदलली.

आता मला खरी काळजी वाटते ती वेगळी. २०२४ मध्ये शहर सुधारण्यासाठी म्हणून पियासा आणि कझांचिस या जुन्या भागांतली वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडली. लोकांना शहराच्या कडेला घरं दिली. त्यांना घर मिळालं असेल, पण इद्दिर? पन्नास वर्षं एकमेकांच्या तंबूत बसलेली माणसं चार दिशांना गेली. माझ्या ओळखीच्या एक ‘इमामा’ (आजीबाई) आजही दोन मिनीबस बदलून जुन्या इद्दिरच्या बैठकीला जातात. नव्या इमारतीत त्यांना कुणी वाईट वागवत नाही. पण त्या म्हणतात, इथे त्रुम्बा वाजली तर माझं नाव कुणाला कळणार? शहराचे नकाशे काढणाऱ्यांनी रस्त्याची रुंदी मोजली तशी इद्दिरची वहीही एकदा उघडून बघायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं.

मांडवीकाठ

वाचून डोळ्यांत पाणी आलं. आजोबा बोटीवर होते, त्यांच्या कुडीतल्या माणसांनीच त्यांची पेटी घरी पोहोचवली होती. धन्यवाद, ताई.

पोटोमॅकतीर

मी वॉशिंग्टनजवळ राहतो. इथे इथिओपियन लोक खूप आहेत, टॅक्सी चालवणारेही बरेच. आमच्या ओळखीचा एक जण इकूबच्या पैशातून स्वतःची टॅक्सी घेऊ शकला. त्याला मी सोमाली सहकाऱ्याकडून ऐकलेल्या ‘हागबाद’बद्दल विचारलं तर म्हणाला, तेच ते. इजिप्तचे लोक ‘गमइया’ म्हणतात. व्याज नसल्यामुळे मुसलमान सभासदांनाही यात अडचण नसते, असंही त्यानं सांगितलं.

अदिसवासी

@पोटोमॅकतीर, बरोबर. मर्काटोतल्या कित्येक इकूबमध्ये ख्रिश्चन आणि मुसलमान व्यापारी एकत्र असतात. रमजान आणि ऑर्थोडॉक्स उपास सांभाळून चिठ्ठीची वेळ ठरवतात.

सोनचाफा_पुणे

उशिरा आले धाग्यावर. माझा मुलगा पुढच्या महिन्यात कामासाठी अदिसला येतोय, दोन वर्षांचा करार आहे. ऑफिसच्या इकूबमध्ये त्यानं पडावं का? आणि परक्या माणसाला घेतात का?

अदिसवासी

@सोनचाफा, घेतात, पण त्यानं स्वतःहून घाई करू नये. आधी तीन-चार महिने लोकांबरोबर बुन्ना प्यावी, ओळख होऊ द्यावी. कुणीतरी आपणहून विचारेल. छोट्या रकमेची आणि लहान फेरीची इकूब घ्यावी, करार संपण्याच्या बऱ्याच आधी संपणारी. पाळी शेवटच्या भागात मिळाली तर उत्तम, परक्या माणसानं आधी पैसे घेऊन बदली झाली म्हणून निघून जाणं इथे फार मनाला लागतं. बदली झालीच तर दान्याला आधी सांगायचं आणि आपल्या जागी माणूस द्यायचा.

वेळेचं एक त्याला नक्की सांगा. इथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे ‘रविवारी तीन वाजता चिठ्ठी’ म्हणजे सकाळी नऊ. दुपारी तीनला पोहोचला तर फक्त रिकामे कप दिसतील.

आणि दुसऱ्या कुणाची चिठ्ठी निघाली की अभिनंदन करायचं असतं. पुरुषाला ‘इंकुआन दस आलह’, बाईला ‘इंकुआन दस आलश’. अदिसला आला की मला इथे निरोप टाकायला सांगा, रविवारी जेवायला बोलावते.